वेताळ कोणाचा? जुनी चित्रपट्टी मोकळी होते म्हणजे नेमकं काय होतं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझा भाचा शिरोड्याहून वेंगुर्ल्याला छापखान्यात आला. किनाऱ्यावर त्याचं टी-शर्टचं दुकान आहे. कपडा तो आणतो, छपाई माझ्याकडे होते. मोबाइल पुढे धरून म्हणाला, “मामा, ब्लाँडी मोकळी झाली म्हणतत. गेल्या वर्साक पोपाय झालो. मगे वेताळाचा काय? वेताळ तर आपलोच मां? तेका कोण अडवतलो?”

मोबाइलवर जांभळ्या घट्ट पोशाखातला, डोळ्यांवर मुखवटा लावलेला, बोटात कवटीची अंगठी घातलेला तो उभा होता. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचत वाढलेल्या आमच्या पिढीचा महाबली वेताळ.

दर १ जानेवारीला आता अशी बातमी येते. २०२४ साली मिकी माउसची आली, २०२५ मध्ये पोपाय आणि टिनटिनची, यंदा २०२६ मध्ये ब्लाँडीची. ही सगळी जुन्या परदेशी चित्रकथांतली आणि कार्टूनपटांतली पात्रं. ‘अमुक पात्र आता सगळ्यांचं झालं’, म्हणजे त्यावरचा कॉपीराइट संपला, एवढंच त्यात असतं. सगळ्यांचं म्हणजे आपलंही का? कुठलं पात्र, कधीपासूनचं, कुठल्या देशात? हे कोणी सांगत नाही आणि लोक माझ्यासारख्या छापणाऱ्याकडे चित्र घेऊन येतात. म्हणून भाच्याला दोन चहा होईपर्यंत जे समजावलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

प्रश्नातच दोन वेताळ आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. शिरोड्याला लागून आरवली. तिथला वेतोबा गावाचा राखणदार. देव रात्री गावाची फेरी मारतो, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. फेरी मारून चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. अमेरिकेतल्या त्या मुखवटेवाल्याचं मूळ नाव फँटम, म्हणजे भूत, आणि त्याचं बिरुद ‘चालतं-फिरतं भूत’. मराठीत आणताना त्याला वेताळ म्हटलं गेलं आणि ते इतकं चपखल बसलं, की हा माणूस बाहेरून आलाय हे आमच्या मुलांना जाणवतच नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चित्रपट्टी हा रोजचा माल होता

वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींत, एका ओळीत येणारी चित्रकथा म्हणजे कॉमिक स्ट्रिप. मी तिला चित्रपट्टी म्हणतो. सोमवार ते शनिवार काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि रविवारी रंगीत पान, अशी अमेरिकेतल्या पेपरांची जुनी पद्धत.

तिचा जन्म कलेच्या दालनात झाला नाही, खपाच्या भांडणात झाला. १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’ या पत्रात रिचर्ड आउटकॉल्ट या चित्रकाराचा पिवळा झगा घातलेला, टक्कल केलेला गरीब वस्तीतला पोरगा लोकांना फार आवडला. दुसऱ्याच वर्षी हर्स्ट यांच्या ‘जर्नल’ने आउटकॉल्टना जास्त पैसे देऊन पळवलं. पुलित्झरनी काय केलं? दुसरा चित्रकार बसवला आणि तोच पिवळा पोरगा काढत राहिले. एकाच शहरात, एकाच वेळी, दोन पेपरांत एकच मुलगा. सनसनाटी बातमीदारीला इंग्रजीत ‘पिवळी पत्रकारिता’ म्हणतात, ते या झग्यावरून.

पुढे ‘कात्झनजॅमर किड्स’ या १८९७ पासून चालणाऱ्या, दोन वात्रट भावांच्या पट्टीवरून हेच भांडण कोर्टात गेलं. चित्रकार रुडॉल्फ डर्क्स हर्स्टना सोडून गेले. निकाल असा लागला, की पट्टीचं नाव हर्स्टकडे राहील, पण डर्क्सना ती पात्रं काढायची मुभा आहे. मग ती दोन भावंडं कित्येक दशकं दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन वेगवेगळ्या मालकांकडे वाढत राहिली. नाव एकाकडे आणि पात्र दुसऱ्याकडेही असू शकतं, ही गोष्ट वाचकाने इथेच गाठीला बांधून ठेवावी, पुढे लागणार आहे.

एक साचा, हजार घरं

अमेरिकेतली पट्टी कोकणातल्या पोराच्या हातात कशी पोचली? सिंडिकेटमुळे. सिंडिकेट म्हणजे चित्रकाराकडून पट्टी घेऊन ती जगभरच्या पेपरांना भाड्याने पुरवणारी कंपनी. हर्स्ट यांची ‘किंग फीचर्स’ ही त्यातली मोठी. फँटम, जादूगार मँड्रेक, पोपाय, ब्लाँडी, चौघेही तिचेच.

माझ्या वडिलांच्या काळात आमच्याकडे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची. चित्र असेल तर त्याचा ब्लॉक, म्हणजे ठसा, करून आणावा लागे, आणि तो खर्च लहान छापखान्याला जड जायचा. सिंडिकेटने नेमकी ही अडचण सोडवली. मूळ चित्रावरून कागदाच्या लगद्याचे साचे काढायचे आणि टपालाने पेपरांना पाठवायचे. पेपरने त्यात वितळलेल्या शिशाचा रस ओतला की छापायला तयार ठसा मिळायचा. मोदकाचा साचा एकाच घरात असतो आणि चतुर्थीला तो वाडीभर फिरतो, तसंच. मोदक प्रत्येक घरचे, कळ्या त्याच.

दर ठरायचा पेपरच्या खपावर. मोठ्या शहरातला पेपर जास्त देणार, लहान गावातला अगदी थोडं. हजार ठिकाणचं थोडं थोडं मिळून सिंडिकेटकडे मोठी रक्कम जमे. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० ला फक्त सात पेपरांत सुरू झाली. भरात असताना ती ७५ देशांतल्या २,६०० पेपरांत आणि २१ भाषांत छापली जात होती. ५० वर्षांत १७,८९७ पट्ट्या, सगळ्या एकाच माणसाने काढलेल्या.

पट्टीची घडणही या धंद्याने ठरवली. हजार पेपरांची पानं हजार मापांची. म्हणून रविवारच्या पानावरची सर्वांत वरची ओळ अशी काढायची, की जागा नसलेल्या संपादकाने ती उडवली तरी कथेला खड्डा पडू नये. काही पेपर फक्त रोजची पट्टी घेत, काही फक्त रविवारची, म्हणून फँटमची रोजची कथा वेगळी आणि रविवारची वेगळी. आणि रोजच्या तीन चौकटींत पहिली कालची आठवण करून देणारी, दुसरी कथा पुढे नेणारी, तिसरी उद्याचा पेपर घ्यायला लावणारी. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस तेच तेच का सांगतो? आता स्वतः छापतो तेव्हा कळतं, की त्या तीन चौकटींत केवढी कारागिरी आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. बाहेरची तयार पट्टी इतकी स्वस्त पडायची, की आपल्या चित्रकाराला रोजची पट्टी काढायला बसवणं कुठल्याही संपादकाला महागच वाटणार. म्हणून १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला आणि रोजच्या रोज टिकला, याचं मला मोल वाटतं. तो पोरगा मराठी घरातला, मराठीत खोड्या काढणारा होता. इंद्रजालने १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आणला, तोही असाच आपल्या मातीतला.

मग मालक कोण, काढणारा की विकणारा?

आमच्याकडे बाग कराराने देतात. झाडं आजोबांनी लावलेली असतात, पण करार झाला की त्या मोसमाचा मोहोर, फळ, फवारणी सगळं व्यापाऱ्याचं. सिंडिकेटचा करार याहून कडक असायचा. त्यात मोसम नव्हता, झाडंच लिहून द्यावी लागत. उमेदवारीतला चित्रकार सही करायचा, कारण दुसरा रस्ता नव्हता.

शुल्झ यांना ‘पीनट्स’ हे नाव कधीच आवडलं नाही. ते सिंडिकेटने ठेवलं होतं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या पट्टीच्या कर्त्याला शेवटपर्यंत नावडत्या नावाखाली सही करावी लागली. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’चे बिल वॉटरसन यांनी पट्टीतल्या पात्रांच्या बाहुल्या आणि कप विकायला नकार देऊन सिंडिकेटशी वर्षानुवर्षं झुंज दिली, ती जिंकली आणि १९९५ च्या ३१ डिसेंबरला पट्टी स्वतःच्या मनाने थांबवली. अशी उदाहरणं फार थोडी.

फँटमची कथा ली फॉक यांची. रोजची पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, चित्रं रे मूर यांची. फॉक १९९९ साली वारले आणि तोवर तेच कथा लिहीत होते. ६३ वर्षं! चित्रकार बदलत गेले, मालकी किंग फीचर्सचीच राहिली. कथेत मात्र मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो. १५३६ साली समुद्री चाच्यांनी जहाज लुटलं, किनाऱ्याला लागलेल्या एकट्या वाचलेल्या माणसाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि आजचा फँटम हा त्याच्या एकविसाव्या पिढीतला. आपल्याकडे देवळातला मान जसा घराण्यात चालतो, तसं हे. कागदावरच्या माणसाचा वारसा पिढीजात, काढणाऱ्याचा मात्र कंपनीकडे जमा.

कॉपीराइट म्हणजे मुदतीचा गडगा

कॉपीराइट म्हणजे चित्र किंवा लेखन छापण्याचा, त्याच्या नकला काढण्याचा, त्यावरून नवं काही करण्याचा हक्क ठराविक वर्षं फक्त मालकाकडे असणं. आपल्या परड्याभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असतो, तसा कायद्याने घातलेला गडगा. फरक इतकाच, की हा मुदतीचा आहे. मुदत संपली की पडतो आणि आत कोणीही जाऊ शकतं. गडगा पडलेल्या त्या जागेला ‘पब्लिक डोमेन’ म्हणतात. मी नुसतं ‘मोकळं’ म्हणेन.

मुदत किती, ते देशागणिक वेगळं. अमेरिकेत त्या काळातल्या पट्ट्यांना छापल्यापासून ९५ वर्षं, मात्र २८ व्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असेल तर. पूर्वी ती मुदत ७५ होती. १९९८ साली तिथल्या संसदेने २० वर्षं वाढवली. त्यामुळे वीस वर्षं काहीच सुटलं नाही आणि २०१९ पासून दर १ जानेवारीला पुन्हा एकेका वर्षाचं काम सुटायला लागलं. म्हणून या बातम्या अलीकडेच ऐकू येतात.

भारतात मोजणी वेगळी, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता, तेव्हा मुदत १० वर्षांनी वाढवली गेली. दोघांनी मिळून केलेलं काम असेल, तर जो मागे राहिला त्याच्या मृत्यूपासून मोजतात. युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं.

आता गंमत बघा. पोपायचे कर्ते एल्झी सीगर १९३८ साली वारले. भारताच्या तेव्हाच्या ५० वर्षांच्या हिशेबाने त्यांनी स्वतः काढलेल्या पट्ट्या १९८८ च्या अखेरीस मोकळ्या झाल्या. युरोपात २००९ च्या १ जानेवारीला. आणि स्वतःच्या घरी, अमेरिकेत, पोपायच्या पहिल्या वर्षाच्या पट्ट्याही २०२५ ला! टिनटिनचं उलटं. बेल्जियमचे एर्जे १९८३ साली वारले. अमेरिकेत टिनटिनची १९२९ ची पहिली पानं सुटली, पण युरोपात तो २०५३ अखेर बांधलेला, आणि आपल्याकडे २०४३ अखेर. एकच पोरगा, एका देशात मोकळा, दुसऱ्यात गडग्याआड. त्यामुळे ‘मोकळं झालं’ ही बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारायचा, कुठे?

यात आपल्याला सोयीचा एक नियमही आहे. परदेशी कामाला त्याच्या मायदेशात जेवढी मुदत, त्याहून जास्त आपला कायदा देत नाही. घरी सुटलेलं इथे बांधून ठेवत नाहीत.

जेवढे चिरे निघाले, तेवढीच वाट

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि बातम्यांत तो हमखास राहून जातो. मोकळं होतं ते पात्र नव्हे, त्या वर्षापर्यंत छापलेलं काम. गडगा एकदम कोसळत नाही, दर जानेवारीला चिऱ्यांची एक रांग निघते.

ब्लाँडी घ्या. चिक यंग यांची ही पट्टी ८ सप्टेंबर १९३० ला सुरू झाली. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत जी ब्लाँडी लोकांनी वर्षानुवर्षं पाहिली ती संसार सांभाळणारी बायको, आणि नवरा डॅगवुड मध्यरात्री उठून हातभर उंचीचं सँडविच रचणारा. पण १९३० ची ब्लाँडी अविवाहित, नाचगाण्यांत रमणारी तरुणी आहे आणि डॅगवुड कोट्यधीश बापाचा मुलगा. घरचे लग्नाला तयार होईनात म्हणून त्याने २८ दिवसांचं उपोषण केलं, बापाने इस्टेटीतून बेदखल केलं, आणि १७ फेब्रुवारी १९३३ ला लग्न लागलं. म्हणजे आज अमेरिकेत मोकळी झालेली ब्लाँडी लग्नाआधीची. लग्नातली सुटायला २०२९ उजाडेल.

पोपाय तर मुळात नायकच नव्हता. ‘थिंबल थिएटर’ ही पट्टी १९१९ पासून चालली होती, त्यात १७ जानेवारी १९२९ ला जहाजावर माणूस हवा म्हणून दोघे धक्क्यावर जातात आणि एका डोळ्याच्या गड्याला विचारतात, खलाशी आहेस का? तो म्हणतो, मग काय गुराखी वाटतो? आमच्या धक्क्यावर कुठल्याही तांडेलाने दिलं असतं असं हे उत्तर. हा आडवा माणूस वाचकांना इतका आवडला, की पट्टीच त्याची झाली. पण त्या पहिल्या वर्षी तो पालक खात नाही. ताकद त्याला एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावर हात चोळून मिळते. पालक नंतर आला.

दशावताराचं उदाहरण दिलं की हे आमच्याकडे लगेच कळतं. आख्यान पुराणातलं, संहिता लिहिलेली नाही, राजाने काय बोलायचं ते नट रंगमंचावर ठरवतो. कथा कोणाची? कोणाचीच नाही, सगळ्यांची. पण उद्या एखाद्या लेखकाने त्या आख्यानावर नवं नाटक लिहिलं, तर त्याचे संवाद त्याचे. कथा घ्यायला कोणी अडवत नाही, त्याचे शब्द उचलायला अडवतात. जुना पोपाय घेऊन नवीन कथा रचता येते. नव्या पोपायच्या अंगावरचं काही उचलता येत नाही.

आता भाच्याच्या वेताळाकडे येऊ. १९३६ च्या पट्ट्या, नूतनीकरण वेळेवर झालेलं धरून, अमेरिकेत १ जानेवारी २०३२ ला मोकळ्या होतील. पण त्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या! जांभळा रंग आला तो १९३९ मध्ये रविवारचं पान सुरू झालं तेव्हा. फॉक यांच्या मनात पोशाख करडा होता, रंगीत छपाईत तो जांभळा झाला आणि तोच रूढ झाला. इटलीत आणि ब्राझीलमध्ये तर त्याला लाल करून टाकलं. कर्त्याच्या मनातला रंग वेगळा आणि जगाने डोळ्यांत साठवलेला वेगळा, आणि तो ठरला छापखान्यात. रंगांच्या डब्यांत दिवस घालवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जवळची वाटते. तर जांभळ्या वेताळासाठी २०३५ पर्यंत थांबायचं. मँड्रेक १९३४ चा, त्याच्या पहिल्या पट्ट्या २०३० ला.

नावाचा गडगा मुदत संपून पडत नाही

गाठीला बांधलेली गोष्ट आता सोडा. नाव आणि पात्र वेगळं असू शकतं. नावावरचा, खुणेवरचा धंद्यासाठीचा हक्क म्हणजे ट्रेडमार्क. भारतात तो दर १० वर्षांनी नूतनीकरण करायचा, आणि फी भरत राहिलं की कायमचा.

हे कोकणातल्या माणसाला मुद्दाम शिकवायला नको. हापूसची कलमं कोणीही कुठेही लावू शकतो. दुसऱ्या राज्यातलं फळही गोड असेल, त्याला विकायला कोणी मना करत नाही. पण त्याच्या पेटीवर ‘रत्नागिरी हापूस’ किंवा ‘देवगड हापूस’ छापलं, की आपलं रक्त तापतं, आणि तापायलाच हवं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या फळाला. मानांकन आणि ट्रेडमार्क एकच नाहीत, पण दोन्हींच्या मुळाशी गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये हाच विचार आहे.

पोपायच्या १९२९ च्या चित्राचं पुस्तक काढता येईल. पण टी-शर्टच्या कॉलरवर ‘पोपाय’ हा छाप मारून मूळ मालकाचाच माल असल्याचा भास निर्माण केला, तर ट्रेडमार्क आडवा येतो. मोकळ्या पात्रांवरून पुढे जी भांडणं होतात, त्यांत हाच मुद्दा असतो.

“पण मामा, नेटवर तर सगळा फुकट मिळता”

मिळतं. किनाऱ्यावर वाळत घातलेली सुकट कोणीही उचलू शकतो, म्हणून ती कोणाचीही होत नाही. कोणीतरी चित्र चढवलं, एवढ्याने हक्क सुटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना हे पटवायला लागतं आणि बऱ्याचदा मला काम नाकारावं लागतं.

दुसरं विचारतात ते गणपतीच्या देखाव्याचं. आम्ही पैसे कमवत नाही, मग? आपल्या कायद्यात खासगी अभ्यास, टीका, परीक्षण यांना सवलत आहे. हा लेख लिहिताना मी वेताळाबद्दल पाहिजे तेवढं बोलू शकतो, ते त्यामुळेच. पण एखादं चित्र जसंच्या तसं मोठं करून मंडपात लावणं या सवलतीत सरळ बसत नाही. कंपनी मंडपापर्यंत येणार नाही हे खरं, पण ‘पकडणार नाहीत’ आणि ‘चालतं’ यांत अंतर आहे. मुलं त्याच मंडपात बसून बघत असतात.

तिसरी शंका मनापासून येते. मोकळं झालं की लोक पात्राची विटंबना करतील. झालीही. पोपाय सुटल्याबरोबर त्याला खुनी करणारे भयपट निघाले. मला ते आवडले नाहीत. तरी मी या बाजूने आहे, की मुदत संपावी. वेताळ पंचविशी बघा. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’मध्ये त्या गोष्टी संस्कृतात सांगितल्या, त्याआधीपासून त्या फिरत होत्या, आणि नंतर प्रत्येक भाषेने त्या आपापल्या पद्धतीने सांगितल्या. काही वाईटही सांगितल्या असतील. त्या कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ अजून बसलेला आहे. फॉक यांनी फँटमला मनापासून वाढवलं, मग पुढच्या शतकातल्या एखाद्या पोराला तो का काढता येऊ नये?

आणि ९५ वर्षं ही मुदत मला स्वतःला फार वाटते. चित्रकाराच्या पोराबाळांना आधार मिळावा हे पटतं. पण मालक कंपनी असेल, तर तो आधार कोणाला मिळतो? उलट ज्यांना कोणी वालीच नाही अशा शेकडो विसरलेल्या पट्ट्या या काळात कागद पिवळा पडून नाहीशा होतात. आमच्याकडे सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात, अर्धे मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. घर कोणी दुरुस्त करत नाही आणि एका पावसाळ्यात ते बसतं. जुन्या चित्रांचं नेमकं तसंच होतं. छापायला परवानगी हवी आणि परवानगी द्यायला माणूस सापडत नाही.

रायवळाच्या कोयीवर परक्याची काडी

तर वेताळ कोणाचा?

मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, पहिल्याच अंकात फँटम होता. वर्तमानपत्रांच्या चौकटी कापून, पानाच्या मापाला बसवून, नवं भाषांतर घालून हे अंक निघत आणि १९९० पर्यंत निघाले. मूळ कथेतला बंगाला हा देश इथे डेंकाली झाला, आणि फँटम मराठीत वेताळ झाला.

कलम कसं बांधतात ते इथे कोणाला सांगायला नको. कोय रायवळाची, म्हणजे गावठी आंब्याची, कुठल्याही झाडाखाली पडलेली, तिला मालक नाही. तिच्यावर काडी बांधायची हापूसची. वाढलेल्या झाडाला फळ काडीचं येतं, कोयीचं नाही. वेताळ हे नाव, रात्री फिरणारा राखणदार ही कल्पना, ही आपली रायवळाची कोय. तिच्यावर ४०० वर्षांची कवटीची शपथ, मुखवटा, अंगठी, जांभळा पोशाख ही काडी बाहेरून आली. आमच्या पिढीने फळ चाखलं ते त्या काडीचं, आणि तिचा मालक अजून आहे.

भाच्याला मी सांगितलं, की वेताळ हा शब्द छाप, फेरी मारणारा राखणदार स्वतःच्या हाताने काढ, तुला कॉपीराइट अडवणार नाही. मुखवटा आणि अंगठी घातलीस तर २०३२ पर्यंत मी छापणार नाही, आणि जांभळा रंग २०३५ पर्यंत नाही. त्यानंतरही नावाचं कोणाकडे काय नोंदलेलं आहे ते वकिलाला दाखवूनच.

तो म्हणाला, “म्हंजे आरवलीचो देव काढूचो?”

इथे कायद्याचं पुस्तक संपतं आणि गावऱ्हाटी, म्हणजे गावची रीत, सुरू होते. देवावर कोणाचा कॉपीराइट नाही. पण घामाने भिजलेल्या, किनाऱ्यावर फेकलेल्या टी-शर्टवर देवाचं रूप असावं का, हे गावाला विचारायचं. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यांकडे तो गेला. त्यांनी थोडा वेळ विचार करून सांगितलं, “देव नको. देवाची चाल काढ.”

परवा तो चित्र घेऊन आला. अंधारी पाणंद, दोन्ही बाजूंना गडगे, लांब कुठेतरी एका घरात पेटलेला दिवा. माणूस कुठेच नाही. मधोमध ओल्या मातीत एकच चपलेचा ठसा, हातभर लांब, टाचेकडे जास्त खोल गेलेला. काळ्या कापडावर एकाच रंगात छापायचा आहे. मी मातीचा लाल तीनदा कालवला. पहिला विटकरी झाला, दुसरा फार भडक. तिसरा पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या पाणंदीसारखा उतरलाय, तो उद्या पडद्यावर चढवतोय.